जागा

विजयमाला मगदूम, पेठ वडगावची.
सोमवारी बाप जनावरांच्या बाजारात
आणि ही पहिल्या एसटीनं माझ्याकडे,
बिंदू चौकातून आत, सायकल दुकानाच्या माडीवर,
लघुलेखनाची साडेसातची बॅच.
साठ, ऐंशी, शंभर, एकशे वीस,
दर पायरीला परीक्षा,
दर परीक्षेला घड्याळ घेऊन बसलेला कुणीतरी परका माणूस.
एकशे चाळीसला ती दिल्लीला गेली.

एकतीस वर्षं.
सभागृहाच्या मधोमध ते टेबल असतं, तिथं बसून
पाच-पाच मिनिटांचा देश वहीत घ्यायचा,
उठायचं, पुढच्याला खुर्ची द्यायची.
मग संचालक, मग सहसचिव, मग अपर सचिव.
वर एकच जागा उरली
आणि ती मार्चअखेर रिकामी होणार होती.

पेपरात काही आलं नाही. मीच वाट बघत होतो.
गंगावेशीत दूध पिताना दोघांना सांगूनही टाकलं,
आपली पोरगी महासचिव होणार.
'म्हंजे मंत्र्याच्या वर का खाली?' एकानं विचारलं.
मला नीट सांगता आलं नाही.

काल आली. जिना चढताना दोनदा थांबली.
'सर, त्या जागेला परीक्षा नसते.'
मग?
'अध्यक्ष नेमतात.'
कशावरून?
ती हसली. 'वडगावच्या बाजारात
दलाल रुमालाखाली बोटं धरतात ना,
बैल तिथंच उभा असतो.
त्यालाच तेवढं कळत नाही.'

दुसऱ्या कुठल्या सेवेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ आले.
वाईट नाहीत, म्हणाली. वेळेवर येतात.
नेमणुकीचा मसुदा तिच्याच टेबलावर आला होता,
शुद्धलेखन बघायला.
त्यांच्या नावातला ऱ्हस्व तिनं दीर्घ केला
आणि सही करून पुढं पाठवला.
पहिल्याच दिवशी सभागृहात दंगा झाला
तेव्हा त्यांनी मागं वळून हळूच विचारलं, 'कुठला नियम?'
तिनं सांगितला. पान नंबरासकट.

मी तडकलो. असं कसं? काही कायदा हाय का न्हाई?
'आहे की. सरकारच्या हाताखाली नको
म्हणून तर ते अध्यक्षांच्या हातात दिलं.
कुणाच्या तरी हातात द्यावंच लागतं, सर.'
हे ती इतक्या सरळ आवाजात म्हणाली
की मला चहा मागवावा लागला.

आता माडीवर संगणकच जास्त. लघुलेखनाला चौघीच.
त्यातली निलोफर बागवान सगळं ऐकत होती.
'मॅडम, मग एकशे चाळीसपर्यंत जायचं कशाला?'
विजयमाला काही बोलली नाही.
तिनं निलोफरचीच वही ओढली, पेन्सिल घेतली.
'सांगा, सर.'
मी समोरचा पेपर उचलला,
शाहूपुरीतले गुळाचे भाव, राजाराम बंधाऱ्याची पातळी,
कुणा नगरसेवकाचा वाढदिवस, सगळं एका दमात.
पेन्सिल उसवण काढावी तशी चालली.

मी तपासायला घेतलं. निलोफरला दाखवलं,
हे बघ, न आणि म.
स्वर गाळले की नाम, नेम, नमा,
सगळ्यांची रेघ एकच.
ओळीच्या वर काढली तर एक अर्थ,
ओळीवर टेकली तर दुसरा,
ओळ कापून गेली तर तिसरा.
अर्थ जागेवरून ठरतो.

सेहेचाळीस वर्षं हेच वाक्य शिकवत आलोय.
काल पहिल्यांदा म्हणून झाल्यावर
खिडकीतून खाली बघत बसलो,
पोरगं एका ट्यूबमध्ये हवा भरत होतं,
पाण्यात बुडवून बुडबुडा शोधत होतं.

'चुका किती, सर?'
एक. गुळाच्या भावात.
क्विंटलमागं शंभर रुपये जास्त लावलेस.
'बापाची सवय,' म्हणाली,
आणि खोडायला रबर मागितलं नाही.